लसीचा डास

दिवस मावळायच्या सुमारास जैनी अंगणात बसली होती. मांडीवर आठ महिन्यांचा लालसू उघडा झोपला होता. सरकारी प्रयोगशाळेत वाढवलेले डास पहाटेच नाल्याकाठी सोडले होते. ते चावले की हिवतापाची लस अंगात जाते, असं गावची आशाताई कमल घरोघर सांगून गेली होती. आता ती जैनीपाशी येऊन बसली होती.

डास लालसूच्या दंडावर बसला. जैनीचा हात आपोआप उठला. कमलने तो धरला.

"मारू नको वं. पोट भरू दे त्याचं."

जैनी बघत राहिली. डासाचं पोट हळूहळू लाल झालं. दोन पावसाळ्यांमागे तिची लेक पेंडी अशाच एका डासाने नेली होती. तपासणीला गेलेल्या रक्ताचा निकाल चौथ्या दिवशी आला, तोवर पोर गेली होती.

डास उडाला. लालसू जागाही झाला नाही.

"हे तेव्हा का नाही सोडले?" जैनीने विचारलं.

"तेव्हा तयारच झाले नव्हते," कमल म्हणाली. "उद्या अंग तापेल थोडं. ते लसीचंच."

दुसऱ्या दिवशी ताप आला आणि दुपारी उतरला. लालसू दूध प्याला, हसला.

"आता याला हिवतापाची भीती नाही," कमल म्हणाली.

जैनीने मान हलवली. आनंद व्हायला हवा, एवढं तिला कळत होतं. पण संध्याकाळपर्यंत तिने लालसूच्या कपाळावरचा हात काढला नाही.