पाचोळ्यातली पावलं

पाचोळ्यात पाऊल वाजलं आणि लेटाने श्वास रोखला. एक पाऊल, दुसरं पाऊल, मग थांबणं. खार असती तर टुणटुण उड्या मारत गेली असती, हरीण असतं तर चार खुरांचा गोंधळ कळला असता. दोन पायांवर असं थबकत, कानोसा घेत येतो तो टर्की पक्ष्याचा नर. तसं माणूसही असंच चालतं म्हणा. पण या टेकडीवर दुसरं माणूस यायचं कारणच नव्हतं. जमीन टकेटांची, आणि म्हातारा ऑर्विल टकेट, म्हणजे लेटाचा बाप, खाली ओढ्याकाठी ओकच्या झाडाला पाठ टेकून बसलेला. दहा वाजेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही आणि दुसऱ्याने पक्ष्याला घातलेल्या सादेच्या दिशेने कधीच जायचं नाही, हा त्याचाच दंडक.

तीन आठवडे बापलेक रोज पहाटे शिकारीला येत होती. "यंदा पक्षी मुके झालेत," म्हातारा आजही गाडीतून उतरताना कुरकुरला होता. तो बोलत होता तेव्हाच वरच्या कड्यावर नर दोनदा ओरडला. लेटा म्हणाली, "हो ना बाबा." कशाला उगाच त्याचं मन मोडायचं? उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान आधी जातो. ऑर्विलचा कधीच गेला होता आणि उजवा आता मोजकंच ऐकत होता. एका कानावर आवाज येतो, पण कुठून आला ते उमगत नाही. हा विषय त्याच्यासमोर काढायची घरात कोणाची छाती नव्हती.

लेटाच्या मांड्यांमध्ये लाकडाची छोटी पेटी होती. तिचं झाकण कडेवर घासलं की नराला बोलावणारा मादीचा आवाज निघायचा. पेटी बापानेच तासून दिलेली. शिकताना लेटाने काढलेल्या आवाजाला तो 'गोठ्याच्या दाराची गंजकी बिजागरी' म्हणायचा आणि गावभर सांगत सुटायचा. आता मात्र ती असं वाजवायची की रानातल्या खऱ्या माद्या उलट उत्तर द्यायच्या. बोटांना झाकण नीट कळावं म्हणून तिने पानांच्या रंगाचा एक हातमोजा काढून ठेवला होता. ही चूक होती, पण ते तिला मागाहून कळलं.

पावलं जवळ आली. बंदूक गुडघ्यावर टेकलेलीच होती. तिने गाल लावला, अंगठ्याचं काम अंगठ्याने आपसूक केलं, बोट चापापाशी गेलं. आता फक्त थांबायचं. घाई करील तो रिकाम्या हाताने घरी जाईल, हे बापाने तिला लहानपणापासून पाजलेलं.

समोरच्या झुडपातून आवाज आला. खट्.

हा आवाज कुठल्याही पक्ष्याचा नाही. बंदुकीची सेफ्टी, म्हणजे चापाची खीळ, काढली की असा आवाज होतो. पानांच्या फटीत तिला काळं वाटोळं भोक दिसलं आणि त्याच्यामागे ठिगळ लावलेली खाकी टोपी. बापाची टोपी.

अशा वेळी हात हलवायचा नाही, तोंडाने बोलायचं. ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी आहे." भोक हललं नाही. तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज फाटला. म्हाताऱ्याने गाल बंदुकीला लावला होता, डावं अंग तिच्याकडे केलं होतं. बहिरा कान पुढे, ऐकणारा मागे.

पळावं तर चाळीस पावलांवरून तो चुकणारा माणूस नव्हता. आणि तो कशावर नेम धरून आहे, हेही तिला आता दिसलं. तिचा उघडा, गोरा हात. पाचोळ्यालगत, नराच्या पांढुरक्या डोक्याएवढा.

तिच्या आवाजाचं काही त्याला पोचत नव्हतं. पेटीचं पोचलं होतं, म्हणून तर तो इथवर आला. हात हलला तर बार, नाही हलला तरी बार. लेटाने डोळे मिटले आणि झाकण कडेवर आडवंतिडवं, जोर लावून घासलं. करकर, कुईं, करकर. कुठल्याही मादीला लाज वाटावी अशी तीच जुनी गंजकी बिजागरी. पुन्हा. पुन्हा.

बराच वेळ काहीच झालं नाही. तिने डोळे उघडले तेव्हा भोक जमिनीकडे वळलं होतं.

म्हातारा झुडपातून बाहेर आला. चेहरा पांढराफटक. झपाझप येऊन तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"आवाज खालून आला," तो म्हणाला. "ओढ्यापलीकडून. तू तिकडे बसलीस असं वाटलं, म्हणून मी वळसा घालून वर आलो."

"मी तीन हाका मारल्या, बाबा."

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. मग बंदुकीतून एकेक काडतूस काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. तिन्ही ठेवून झाल्यावर विचारलं, "सकाळी नर ओरडला होता?"

"दोनदा."

"मग सांगायचं होतंस."

लेटाने काडतुसं खिशात टाकली. तिला उठवायला म्हणून त्याने तिच्या गुडघ्यावरची बंदूक धरली आणि तो थांबला. नळी अजून त्या झुडपाकडेच होती, तो जिथे उभा होता नेमकी तिथे. त्याने चापाजवळ वाकून पाहिलं. सेफ्टी काढलेली होती.

"माझा कान गेलाय," तो हळूच म्हणाला. "तुझे तर दोन्ही शाबूत आहेत ना, लेटा?"

आणि त्याने अंगठ्याने तिच्या बंदुकीची सेफ्टी लावली. खट्. म्हाताऱ्याला ते ऐकू आलं नाही. लेटाला आलं.