तंगाचे टाके

कुसुमावतीबाईंच्या ओसरीवर खंडोजीनं तुटलेला तंग, घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, उलटा केला. टाके डावीकडे झुकलेले होते.

सन १९०८. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. दर वर्षी या दिवशी खंडोजी जिनगर सकाळी हंबीरराव स्वाराच्या या विधवेपुढे हात जोडून उभा राहायचा. मग देवासची टेकडी चढून भावाजवळ बसायचा आणि सूर्य बुडेपर्यंत वर्षभरातल्या आपल्या चुका मोठ्यानं सांगायचा. “एवढासा तर दिवस,” तो म्हणायचा, “तेवढा तरी खरेपणानं काढावा.”

पहिली चूक दर वर्षी तीच. अकरा वर्षांपूर्वी भरधाव घोड्यावर खोगिराचा तंग तुटला. हंबीरराव पडला तो उठलाच नाही. तंग आपणच शिवलेला, असं खंडोजी धरून चालला. पागेचं काम त्यानं सोडलं. ते धाकट्या भावाला, संताजीला मिळालं.

आज कुसुमावतीबाई कायमच्या सरदारपूरला भावाकडे निघाल्या होत्या. नवऱ्याच्या सामानातला तंग त्यांनी खंडोजीच्या हाती दिला. “भाऊ, हे ओझं आता मी नेत नाही.”

इतक्या वर्षांत तो त्यानं प्रथमच पाहिला. असे झुकलेले टाके डावखुऱ्याचेच; आणि दोघा भावांच्या कारखान्यात डावखुरा एकच होता.

टेकडीवर संताजी घोंगडी अंथरून वाट पाहत होता. “कर सुरू, दादा.”

“आज तू सांग.”

“मी काय सांगू? मी कुणाचं वाकडं केलं नाही.”

खंडोजीनं तंग त्याच्यापुढे ठेवला. संताजीनं एकदा पाहिला आणि मान वळवली.

“तेव्हाच का नाही बोललास?”

“मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, चूक माझी. मग गप्प बसलो.”

खंडोजीला वाटलं होतं, राग येईल. आलं ते रडूच.

“मी इथं रडायचो तेव्हा पाठीवरनं हात फिरवायचास. एक वर्ष चुकला नाहीस. कशाला यायचास रे?”

संताजीनं मातीत बोट फिरवलं.

“तुला कळलं की काय, ते बघायला.”