वहीतलं ऑर्किड

दर वसंतात आम्ही दोघं हिमालयात रानफुलं बघायला जायचो. गळून पडलेली फुलं हे वेचायचे, वहीत मी चिकटवायचे. तीस वर्षं. यंदा माझ्या गुडघ्यांनी जवाब दिला, म्हणून यांची जुनी विद्यार्थिनी शर्वरी बरोबर गेली. उज्जैनला परतताच चहाआधीच यांनी वही माझ्यापुढे धरली. "बघ, काय हात आहे पोरीचा! तुझ्यासारखे डिंकाचे डाग नाहीत कुठे." डाग दिसत होते, तर तीस वर्षं बोलले का नाहीत? मी पानं उलटली. रानट्युलिप, पहाडी कांद्याची फुलं, सगळं सुबक. शेवटी ऑर्किड. झाडावर त्याची रुंद पाकळी खाली लोंबते. पोरीने फूल उलटंच चिकटवलेलं. मोतीबिंदूमुळे यांना कळलं नव्हतं. "उद्या कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवतोय. काही चुकलंय का गं?" "छे हो, एकदम बढिया! फक्त खाली तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा."