संवादांची अदलाबदल

बालकथाकार बाबांवरच्या चित्रपटाचा पहिलाच खेळ होता. पडद्यावर बाबा झालेला नट कागदावर झुकून लिहीत होता आणि आई झालेली नटी शिलाई मशीन थांबवून विचारत होती, “मग पुढे काय झालं हो?” प्रेक्षागृहात लेकीच्या शेजारच्या खुर्चीत खरी आई ताठ झाली. लेकीने मान खाली घातली. घरात हा प्रश्न बाबा विचारायचे. आई टिपा मारता मारता गोष्टीतल्या सशाला खड्ड्यातून काढायची, बाबा भराभर उतरवून घ्यायचे. पटकथेतली ही अदलाबदल लेकीने आधीच वाचली होती. पण बाबा नुकतेच गेलेले, त्यांना उणेपणा नको, म्हणून तिने परवानगीच्या कागदावर मुकाट्याने सही केली. दिवे लागले. पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसत आईकडे वळली. “नशीबवान हो तुम्ही! प्रत्येक गोष्ट आधी तुम्हालाच ऐकायला मिळायची!” “हिलासुद्धा,” आई लेकीकडे बघत हसून म्हणाली. “माझ्या पायाशीच बसलेली असायची ना!”