खाकी गोधडी

यशोधराच्या बँडची प्रॅक्टिस कोराडी गावातल्या घरी असली की आई आधी खिडकीवर गोधडी लटकवायची, म्हणायची, "शेजाऱ्यायच्या डोक्याले ताप नको." बाबा गेल्यावर त्यांच्या खाकी वर्द्या जोडून तिनंच शिवलेली ती गोधडी आवाज बाहेर जाऊ देत नसे. आजवर यशोधरा दुसऱ्यांचीच इंग्रजी गाणी त्यांच्याच ढंगात किंचाळत आली होती. आज पहिल्यांदाच तिनं स्वतः लिहिलेलं, घरच्या बोलीतलं गाणं घेतलं. त्यात कोळशावरच्या पॉवरहाउसातून परतणारे बाबा होते, त्यांच्या डब्यावरची राख होती. चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली. मग ट्रे ठेवून खिडकीवरची गोधडी उतरवू लागली. ड्रम थांबले. "राग आला का वं आई?" यशोधरानं घाबरत विचारलं. आईनं खिडकी सताड उघडली. गोधडी खांद्यावर घेत म्हणाली, "बंद काहून केलं? म्हण. सारी वस्ती त्यायच्यासंगं कामाले होती."