बंबसाहेबांची रंगीत तालीम

बंबसाहेब सोफ्यावर बेशुद्ध पडले होते आणि बेशुद्धीतही सूचना देत होते. हॉस्पिटलात कोणी असं खिदळत नाही, असं त्यांनी डोळे मिटूनच मुलाला सुनावलं.

साहेबांची सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना बंबसाहेब म्हणायची. शाळा म्हणू नका, कारखाने म्हणू नका, जातील तिथे आगीची तालीम घ्यायची, भोंगा वाजवायचा, माणसं जिन्याने खाली उतरवायची आणि उशीर झाला की सगळ्यांना झाडायचं. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांचा त्यांना भारी राग. नुसत्या कागदावर तर काडीचा विश्वास नव्हता. भिंतीवर नियम टांगलेल्या कितीतरी इमारती त्यांनी जळताना पाहिल्या होत्या.

आता कागद त्यांचा स्वतःचा होता. वकिलाकडून करून आणलेलं इच्छापत्र, पण घरादाराचं नव्हे, मरणाचं. शुद्ध हरपली आणि बरं होण्याची आशा उरली नाही, तर नळ्या घालू नयेत, यंत्राला जोडू नये, दुखणार नाही एवढं पाहावं आणि सुखाने जाऊ द्यावं. कायद्याला हे मान्य होतं. दोन साक्षीदारही झाले होते. एकच जागा रिकामी होती. साहेबांना बोलता येणार नाही तेव्हा त्यांच्या वतीने डॉक्टरांना ‘नको’ कोण सांगणार?

साहेबांच्या थोरल्या भावाने असाच कागद केला होता. आयत्या वेळी त्याच्या मुलाची जीभ रेटेना. कागद कपाटात राहिला आणि भाऊ एक्केचाळीस दिवस यंत्रावर. साहेब रोज जाऊन काचेतून बघून यायचे. मरणाला ते भीत नव्हते, पण त्या एक्केचाळीस दिवसांची त्यांनी मनापासून धास्ती घेतली होती.

म्हणून रविवारी सकाळी, सगळे घरात असताना, परीक्षा. समोरच्या फ्लॅटमधल्या डॉक्टरीणबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. मुलगा आणि मुलगी उमेदवार. सुनेच्या हातात घड्याळ. बायकोला साहेबांनी यादीत धरलंच नव्हतं. मांजर मेलं तेव्हा ती चार दिवस धड जेवली नव्हती, तिच्याच्याने हे कुठलं व्हायला? ती आपली स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

मुलगा कारखान्यात तीनशे माणसांवर साहेब. डॉक्टरीणबाईंनी त्याला सरळ विचारलं, की शुद्धीवर येण्याची आशा नाही, श्वास मंदावतोय, नळी घालायची का. तो आधी हसला. मग दुसऱ्या डॉक्टरांना विचारू म्हणाला, मोठ्या हॉस्पिटलात हलवू म्हणाला, आणि शेवटी घाम पुसत म्हणाला, तात्पुरती घाला.

बेशुद्ध साहेब ताडकन उठून बसले. तुझ्या काकालाही तात्पुरतीच घातली होती, एवढं बोलून ते परत आडवे झाले.

मुलगी पाठांतर करून आली होती. बाबांची अशी अशी इच्छा आहे, इथपर्यंत तिने घडाघडा म्हटलं. मग तिचं लक्ष साहेबांच्या मोज्यातून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे गेलं आणि तिला रडू कोसळलं. चांगल्या धडधाकट माणसाला रविवारचे हे नसते धंदे सुचतातच कसे, असं म्हणून ती तोंड धुवायला निघून गेली. साहेबांनी हात टेकले.

तेवढ्यात बायको मटारचं ताट घेऊनच बाहेर आली आणि मलाही विचारा म्हणाली. साहेब कुरकुरले, पण बेशुद्ध माणसाचं कोण ऐकतं? डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. तिने नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “यांनी नको म्हणून लिहून ठेवलंय. चाळीस वर्षं यांचं ऐकत आले, मग शेवटचंच कशाला मोडू? मी जवळ बसते. दुखणार नाही एवढं तुम्ही बघा.”

अकरा सेकंद, सुनेने सांगितलं.

साहेब खूश झाले. इतक्या झटपट ‘नको’ म्हटल्याचं जरासं लागलंही, पण ते त्यांनी दाखवलं नाही. लगेच पेन मागवून रिकाम्या जागेत तिचं नाव घातलं. शिस्त कशाला म्हणतात ते आईकडून शिका, हे मुलांना दोनदा ऐकवून झालं. तिसऱ्यांदा ऐकवणार तोच बायकोने त्यांना सोफ्यावरून उठवलं. आता माझी पाळी, म्हणाली. ताट टेबलावर ठेवलं, उशी सारखी केली आणि डोळे मिटून स्वस्थ पडली.

साहेब हसतहसत तिच्याजवळ उभे राहिले. उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला.

बायकोचं तोंड किंचित उघडं होतं. नखांत मटारचा हिरवा रंग होता. साहेबांनी बोलायला तोंड उघडलं, मग वाकून तिचा हात धरला. एक मिनिट, सून म्हणाली. मग हळूच, दोन मिनिटं. मुलगी तोंड पुसत दारात येऊन उभी होती.

“घाला,” साहेब म्हणाले.

ही नुसती तालीम आहे, असं डॉक्टरीणबाईंनी हलकेच सांगून पाहिलं.

“माहितेय मला.” साहेबांनी बायकोचा हात घट्ट धरला होता. “तरी घाला. असेल नसेल ते सगळं लावा.”

बायकोने एक डोळा उघडून सुनेकडे पाहिलं.

“बघितलंस ना? म्हणून माझ्या कागदावर तुझं नाव घातलंय.”