दोघांची केबिन

"नवा जोडा हाये. त्याले शोभन अशी बोट दाखव," समोरच्या बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि चेतनाने पुढे केलेलं पत्रक तिसऱ्यांदा बाजूला सारलं.

सुलोचनाबाई, असं त्यांनी आपलं नाव सांगितलं होतं. तिरोड्याहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या. वय साठीच्या आसपास, इस्त्रीची सुती साडी, मांडीवर घट्ट धरलेली पर्स. गोंदियाच्या बाजारात सहली काढणारी चार दुकानं अगदी रस्त्यावर आहेत. ती सगळी सोडून ही बाई विचारत विचारत आपल्या जिन्यामागच्या खोलीत का आली, हे चेतनाला कळेना. बरं, आल्या तर आल्या, पण पत्रकं सोडून त्यांचं बाकी सगळ्याकडे लक्ष. टेबलाकडे, चेतनाच्या डब्याकडे, आणि सगळ्यात जास्त चेतनाकडे.

चेतनाने आधी कोचीहून लक्षद्वीपला जाणारी बोट दाखवली. मग सिंगापूरहून पेनांग, फुकेत करून येणारी मोठी बोट काढली. गच्चीवर पोहायचा तलाव, घसरगुंड्या, संध्याकाळी नाचगाणी. नवी जोडपी यावरच भाळतात, हा तिचा सहा वर्षांचा अनुभव. सुलोचनाबाईंनी नाचगाण्यांना नाक मुरडलं. जिने फार आहेत का, डॉक्टर असतो का आणि दोन्ही वेळा भात मिळतो का, एवढंच त्यांनी विचारलं.

"त्याइले भाताबिगर जमत नाई," त्या म्हणाल्या.

मुलाचा असा आदराने उल्लेख करणारी आई चेतना पहिल्यांदाच पाहत होती. म्हणजे लाडोबा दिसतोय. असे लाडोबा आणि त्यांच्या आया तिला चांगल्या ठाऊक होत्या. तिच्या लग्नानंतर ती आणि नवरा गोव्याला निघाले, तेव्हा मुलाच्या पोटाला बाहेरचं सोसत नाही म्हणून सासूबाई सोबत आल्या आणि चारही रात्री त्याच खोलीत झोपल्या. दोन वर्षांनी चेतना गोंदियाजवळच्या मुर्रीला बाबांकडे परत आली, ती कायमचीच. आई तोवर गेलेली होती.

"मुलाचं नाव सांगा," तिने फॉर्म जवळ ओढला.

सुलोचनाबाईंनी पदर सारखा केला आणि मान खाली घातली. "कागदावर हाये ना. पाहून घेजो."

नाव सांगायला कसली आली चोरी? चेतनाच्या मनात पाल चुकचुकली.

कागद काढायला सुलोचनाबाईंनी पर्स ओढली, तर तिचा बंदच तुटून हातात आला. बिचाऱ्या ओशाळल्या. चेतनाने सवयीने ड्रॉवरमधून सुईदोरा काढला. दोन महिन्यांपूर्वी बाबा बँकेत फोटो द्यायचाय म्हणून निघाले होते, तेव्हाही हाच सुईदोरा कामी आला होता. त्यांच्या चॉकलेटी शर्टाचं गळ्याजवळचं बटण तिने इथेच बसून लावलं होतं, आणि डबीत चॉकलेटी सापडेना म्हणून पांढरं लावलं होतं. बाबांचं काही लक्षच नव्हतं. हल्ली त्यांचं लक्ष नसतंच. दर रविवारी मासे धरायला तिरोड्याकडे बोदलकसाच्या तलावावर जातात आणि रिकाम्या पिशवीने हसत घरी येतात.

बंद शिवता शिवता तिने सहज विचारावं तसं विचारलं, मुलीला यातली कोणती बोट आवडेल.

"पोरीले अजून काईच सांगतलं नाई."

"कुठे जायचं, ते नाही सांगितलं?"

"लग्नाचंच नाई सांगतलं."

चेतनाच्या हातातली सुई थांबली. पेपरात वाचलेलं नको नको ते तिला आठवलं. पोरीच्या नकळत ठरवलेलं लग्न, परका देश, आणि एकदा बोट सुटली की चारी बाजूंनी पाणी. कोणाची कोण ती पोरगी, पण चेतनाचा जीव तिच्यासाठी कासावीस झाला. टेबलावरचा फोन तिने हळूच जवळ ओढला.

"पोरगी नाई म्हणन, याचंच भेव वाटते," सुलोचनाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्याइची तं तिच्यासमोर हिंमतच होऊन नाई राहिली. म्हणून मीच निघाली."

मुलगाही असला पुळचट! रागावली की चेतनाची दुकानातली मराठी गळून पडायची.

"काकू, एक सांगू? लग्न दोघाइचं राहते. दोघाइचं मन जुळलं असन, तं तिसऱ्यानं मधात याचं नाई. मंग तो कोणीबी असो."

"कोणीबी?"

"कोणीबी. अन् पोरीपासून लपवून मी बुकिंग करणार नाई. तिच्यासमोर बसा, सगळं सरळ सांगा. मंगच तिकीट."

सुलोचनाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. नाटकं, चेतनाने मनात म्हटलं आणि दोरा दाताने तोडून पर्स त्यांच्या हातात दिली.

"समोर बसून सांगालेच आली बाई," त्या म्हणाल्या. "केबिन दोघाइचीच पायजे. तिसरं कोणी नाई."

पर्समधून त्यांनी दोन पासपोर्ट काढले आणि टेबलावर ठेवले. या लाडोबाचं तोंड तरी पाहू, म्हणून चेतनाने वरचा उघडला.

फोटोतला शर्ट चॉकलेटी होता आणि गळ्याजवळचं बटण पांढरं.